बदक, बीजिंग आणि नानजिंगचे मुसलमान

गेल्या डिसेंबरात लेस्टरला भाचीकडे पंधरा दिवस राहून आलो. तिथल्या थंडीने मला बहुतेक वेळ घरातच बसवून ठेवलं, आणि घरात बसलेला माणूस शेवटी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो. तिथे जे पाहिलं त्यातून हा लेख निघाला.

भाचीने एव्हिंग्टन रोडवरच्या हलाल खाटकाकडून गोठवलेलं अख्खं बदक आणलं होतं. दोन किलोच्या थोडं वर. दोन दिवस ते फ्रीजमध्ये वितळत पडलं होतं. 'मामू, शनिवारी चायनीज,' तिने जाहीर केलं. आपल्याकडे चायनीज म्हणजे हातगाडी, कढईतून उठणारा भडका आणि लालभडक मंचुरियन. ते मंचुरियनसुद्धा चीनमधून आलेलं नाही. 1975 च्या सुमारास मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वांग यांनी ते रचलं असं सांगतात. भाचीचा बेत वेगळा होता. इंग्लंडमध्ये ज्याला 'क्रिस्पी अरोमॅटिक डक' म्हणतात, ते तिला घरी करायचं होतं. मसाला चोळून वाफवलेलं, मग कुरकुरीत केलेलं बदक दोन काट्यांनी तंतू तंतू सुटेपर्यंत पिंजायचं, पातळ पोळीला गडद गोडसर सॉस लावून त्यावर काकडीच्या आणि पातीच्या कांद्याच्या काड्या, त्यावर ते बदक, आणि गुंडाळी करून हाताने खायचं. तिथल्या सुपरमार्केटात याचा तयार खोका मिळतो. अर्धं बदक, पोळ्या, सॉसची पुडी, सगळं आत. पण त्यावर हलालचा शिक्का नसतो, म्हणून ही सगळी खटपट.

'पिंजणं' हा शब्द माझाच. इंग्रजीत ते काहीही म्हणोत, आमच्या घराण्यात आजोबांपर्यंत कापूस पिंजायचा धंदा होता. भाचीचे दोन काटे त्या मांसात चालताना पाहिले आणि मला धनुकलीचा ठेका ऐकू आला.

भाचीचे सासरे मूळचे भरूचकडचे. बालपण आफ्रिकेत आणि उरलेलं आयुष्य लेस्टरच्या कापडगिरण्यांत काढलेलं. पाच वेळचे नमाजी, शांत गृहस्थ. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत चालायचं. ओट्यावरचं बदक पाहून ते म्हणाले, 'बेटा, ये तो चीनवालों का खाना है. अपना नहीं.' भाची म्हणाली, 'अब्बा, हलाल है.' त्यावर ते म्हणाले, 'हलाल होगा. अपना नहीं है.' आणि तस्बीह घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

त्यात भांडण नव्हतं. पण 'अपना नहीं' हे शब्द माझ्या मनात रुतून बसले. मला स्वतःला आयुष्यभर उलट्या बाजूने हेच ऐकावं लागलं आहे. सोलापुरात शाळेत असताना, पुढे नोकरीत, आणि अजूनही एखाद्या साहित्याच्या कार्यक्रमात कुणीतरी आपुलकीने विचारतं, 'तुमचं मराठी फार छान आहे हो, घरी कोणती भाषा बोलता?' म्हणजे मराठी तुमची नाही, तरी छान जमली आहे. एखादी गोष्ट कुणाची असते हे नेमकं ठरवायचं कसं? बदकाच्या बाबतीत तरी मला याचं बऱ्यापैकी उत्तर सापडलं.

आधी मसाल्याचा डबा उघडू. या बदकाला लागणारा 'पाच मसाला' म्हणजे चक्रीफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप आणि सिच्वान मिरी. सिच्वान मिरी म्हणजे आपल्या तिरफळाची सख्खी चुलतबहीण. कुळ एकच, आणि जिभेला झिणझिण्या आणण्याची खोडही तीच. कोकणात बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालणाऱ्यांना ती ओळखायला पाच सेकंद लागणार नाहीत. दालचिनी हा शब्द फारसी 'दारचिनी'वरून आला, म्हणजे चीनचं लाकूड. चक्रीफुलाचं जुनं फारसी नाव 'बादियान-इ-खताई', म्हणजे खताची बडीशेप. खता हे उत्तर चीनचं मध्ययुगीन नाव. नानखटाईतली 'खटाई'सुद्धा तीच असं मानतात. पानाच्या विड्यातली कबाबचिनी, आयुर्वेदाच्या दुकानातली रेवाचिनी, सगळ्यांच्या शेपटाला चीन बांधलेला आहे. यातली काही झाडं चीनमधली नाहीतच. कबाबचिनी तर जावाकडची. पण ज्या व्यापाऱ्यांनी हा माल आपल्या बंदरांत उतरवला त्यांच्या दृष्टीने पूर्वेकडून आलेलं ते सगळं चिनी. आणि ही नावं ठेवणारे बहुतेक फारसी-अरबी बोलणारे मुसलमान व्यापारी होते. मराठी बाई रोज गोडा मसाला करते तेव्हा तिच्या हाताखालून हा इतिहास जातो.

आता बदकाकडे.

चीनच्या स्वयंपाकाच्या इतिहासात एक ग्रंथ फार महत्त्वाचा मानतात, 'यिनशान झंगयाओ'. मंगोल बादशहाच्या दरबारातला आहारवैद्य हू सिहुई याने तो 1330 साली बादशहाला सादर केला. मंगोलांचं राज्य तेव्हा चीनपासून इराणपर्यंत भाऊबंदकीत वाटलेलं होतं, आणि त्यांच्या नोकरीत मध्य आशियातले मुसलमान मोठ्या संख्येने चीनमध्ये आले होते. जमाबंदी करणारे, ज्योतिषी, हकीम, वेढ्यात दगड फेकणारी यंत्रं बांधणारे, आचारी. या ग्रंथात केशराला चिनी अक्षरांत 'झाफरान'च्या जवळचा शब्द आहे, मस्तकीला 'मस्तकी'च आहे. त्यात रानहंस भाजण्याची एक कृती येते. पक्षी साफ करून पोटात कांदा, धणे, मीठ भरायचं, मेंढीच्या धुतलेल्या कोथळ्यात तो गुंडाळायचा आणि भाजायचा. बदकही याच रीतीने भाजावं असं तिथे म्हटलं आहे. बीजिंगच्या भाजलेल्या बदकाचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण या कृतीपाशी थांबतात. मला ती वाचताना चीन कमी आणि कुठलातरी समरकंदकडचा दस्तरखान जास्त दिसला, पण हे माझं मत झालं.

1368 मध्ये मंगोल गेले आणि मिंग घराणं आलं. राजधानी नानजिंग. मध्य आशियातून आलेल्या मुसलमानांचे वंशज तिथेच राहिले, चिनी बोलू लागले, चिनी आडनावं लावू लागले. यातलं 'मा' हे आडनाव इतकं पसरलं की आजही एखादा 'मा' भेटला तर मुसलमान असण्याची शक्यता बरीच असते. हेच पुढे 'हुई' म्हणून ओळखले गेले. त्यांची मायबोली चिनी. हलालला त्यांचा शब्द 'छिंगजन', म्हणजे शुद्ध आणि खरं. मशिदीला छिंगजनस. इमामाला ते 'आहोंग' म्हणतात, हा आपला आखुंदच.

नानजिंगमधल्या जिंगज्वे मशिदीचा पाया चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडला. ती जळाल्यावर पुन्हा बांधण्याची परवानगी 1430 मध्ये दर्यासारंग झेंग ह याने बादशहाकडे मागितली. झेंग ह जन्माने मुसलमान, युन्नानचा, मूळ आडनाव मा. 1405 पासून त्याने काढलेल्या सात सफरींतलं जवळजवळ प्रत्येक आरमार आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कालिकतला लागलं. त्याच्याबरोबर दुभाषी म्हणून मा हुआन नावाचा दुसरा मुसलमान होता, त्याने प्रवासवर्णन लिहिलं. कालिकतच्या वर्णनात मिरी येते, राजा येतो, मशिदी येतात, आणि मध्येच हा गृहस्थ नोंद करतो की इथे कोंबड्या आणि बदकं भरपूर, हंस मात्र नाहीत. परक्या मुलुखात पाय ठेवल्यावर पोटात काय जाईल याचा आधी हिशोब करणारा हा माणूस मला फार जवळचा वाटला. मीसुद्धा लेस्टरला उतरल्यावर पहिल्या दिवशी तेच केलं होतं.

नानजिंग हे बदकांचं शहर. यांग्त्झे नदी, तळी, कालवे, भातखाचरं. तिथे गमतीने म्हणतात की नानजिंगमधून कुठलंही बदक जिवंत बाहेर पडत नाही. मिठाच्या पाण्यात मुरवून शिजवलेलं पांढरंशुभ्र बदक ही त्या शहराची खूण. शरदात, ओस्मँथसची फुलं फुलतात तेव्हाचं बदक सर्वांत चांगलं, म्हणून त्याला फुलाचंच नाव देतात. दुसरा प्रकार दाबून वाळवलेल्या बदकाचा, तो दूरच्या प्रवासाला टिकायचा. आणि या धंद्यात नानजिंगच्या हुई मुसलमानांचं फार जुनं आणि मोठं बस्तान होतं. शहराच्या दक्षिण भागात त्यांच्या वस्त्या, मशिदी आणि बदकांची दुकानं शेजारी शेजारी होती. हान फूशिंग हे तिथलं गाजलेलं हलाल दुकान आपली स्थापना 1866 ची सांगतं. मा श्यांगशिंग हे हलाल खाणावळघर त्याच्याही आधीचं, 1840 च्या दशकातलं. त्याची सगळ्यांत प्रसिद्ध चीज म्हणजे बदकाच्या स्वादुपिंडाची एक नाजूक ताटली. बाकीचे आचारी जे फेकून देत ते यांनी गोळा केलं. एका ताटलीला कितीतरी बदकं लागतात, म्हणजे रोज तितकी बदकं कापणाऱ्या गल्लीतच हा पदार्थ सुचू शकतो.

मुसलमानांनी बदकच का धरलं? डुक्कर वर्ज्य, आणि चिनी स्वयंपाकात मांस म्हटलं की डुक्करच. मेंढ्या उत्तरेच्या कोरड्या मुलुखातल्या, दक्षिणेच्या दलदलीत त्या फारशा होत नाहीत. गाईबैलांचं म्हणाल तर नांगराचं जनावर म्हणून चिनी राजवटींनी वेळोवेळी त्यांच्या कत्तलीवर बंदी घातली होती, आणि खाटीक बहुतेक मुसलमान असल्याने त्या बंदीचा फटका त्यांना बसे. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वाक्य वाचून काय आठवेल ते मला ठाऊक आहे, म्हणून पुढे जातो. उरलं बदक. ते भातशेतीत फुकट वाढतं, त्याला कुणाची बंदी नाही, आणि त्याची चरबी भरपूर. डुकराच्या चरबीच्या जागी हुई स्वयंपाकात बदकाची चरबी आली. नानजिंगमध्ये बदकाच्या चरबीतल्या खुसखुशीत रोट्या आजही विकतात. त्या शहरातला आज पर्यटकांत सर्वांत प्रसिद्ध असलेला पदार्थ मात्र बदकाच्या रक्ताचा आणि शेवयांचा आहे. रक्त हराम, त्यामुळे तो हलाल दुकानांत मिळत नाही. एकाच पक्ष्यावर दोन समाज शेजारी शेजारी जेवत राहिले आणि ताटाची सीमाही सांभाळली, असं हे शहर.

यांनी फक्त दुकानं काढली नाहीत. याच नानजिंगमधल्या वांग दाईयू या विद्वानाने 1642 मध्ये इस्लामचं तत्त्वज्ञान सांगणारा ग्रंथ थेट चिनी भाषेत, कन्फ्यूशियसच्या परंपरेतले शब्द वापरून लिहिला. त्यानंतर त्याच शहरातला लिऊ झी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने इस्लामी आचारधर्मावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात खाण्यापिण्यावर स्वतंत्र विवेचन आहे. तिथे तो चिनी वाचकाला पटेल अशा भाषेत सांगतो की धान्य खाणारे पक्षी आणि चारा खाणारी जनावरं स्वभावाने सौम्य, म्हणून ती खाण्याजोगी. शरियतचा नियम आणि चिनी लोकांची स्वभाव-गुणाची कल्पना त्याने एकाच वाक्यात बसवली. बदक त्या यादीत सहज जातं.

1642 हा आकडा वाचल्यावर मी थबकलो. आपल्याकडे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' 1645 चा. एक माणूस यांग्त्झेच्या काठी बसून चिनीत लिहितो, दुसरा भीमेच्या खोऱ्यात मराठी ओवीत. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नाही. दोघांनाही प्रश्न पडला असेल तो हाच, की मी जे मानतो ते माझ्या आईच्या भाषेत कसं सांगू?

मिंग बादशहाने 1421 मध्ये राजधानी बीजिंगला नेली. दरबाराबरोबर आचारी गेले आणि भाजलेलं बदकही उत्तरेला गेलं असं मानलं जातं. ब्येनयीफांग हे बीजिंगचं नाव आपला जन्म 1416 चा सांगतं. जुन्या दुकानांचे असे दावे चीनमध्येही आपल्या मिठाईवाल्यांसारखेच ऐकून घ्यायचे असतात. त्यांची पद्धत बंद भट्टीची. आधी आत ज्वारीची धाटं जाळून भिंती तापवायच्या, मग आग शमवायची आणि नुसत्या भिंतीच्या धगीवर बदक शिजवायचं. दुसरी पद्धत उघड्या भट्टीची, ती च्वानजुद या दुकानाने गाजवली. कोंबड्या-बदकं विकणाऱ्या यांग च्वानरन याने 1864 मध्ये सुक्या फळांचं एक डबघाईला आलेलं दुकान घेतलं, त्याच्या पाटीवरची तीन अक्षरं उलटी केली आणि नशीब पालटलं. इथे बदक आकड्याला टांगतात, खाली बोर, नासपती अशा फळझाडांचं लाकूड जळतं. त्याआधी कातडीखाली हवा भरून ती मांसापासून सुटी करतात, वरून उकळतं पाणी ओततात, माल्टचं गोड पाणी चोळतात आणि वाळवतात. काचेसारखी कातडी येते ती या खटाटोपामुळे.

यासाठी पांढरं बदक शेवटचे काही आठवडे नळीने ठासून खाऊ घालून फुगवायचे. चिनी भाषेत घोकंपट्टीच्या शिक्षणाला 'ठासलेल्या बदकाचं शिक्षण' म्हणतात. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही याचं स्पष्टीकरण लागू नये.

हेच पांढरं बदक 1870 च्या दशकात जहाजाने अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पोचलं. इंग्लंडमध्ये आधी एल्सबरी नावाची स्वतःची पांढरी बदकं होती, चिनी पाहुण्याने हळूहळू त्यांची जागा घेतली. मग विसाव्या शतकात गंमत झाली. लेस्टरच्या शेजारच्या लिंकनशर परगण्यात चेरी व्हॅली नावाच्या कंपनीने बीजिंगच्याच वाणातून झटपट वाढणारं, कमी चरबीचं बदक पैदा केलं आणि ते चीनला विकायला लागली. बीजिंगमध्ये भाजली जाणारी पुष्कळ बदकं वंशाने इंग्लिश झाली. शेवटी 2017 मध्ये चिनी कंपन्यांनी मिळून चेरी व्हॅलीच विकत घेतली. आता हे बदक कुणाचं, हे लेस्टरच्या ओट्यावर बसून कोण सांगणार?

पिंजलेल्या बदकाची कथा आणखी वेगळी. बीजिंगमध्ये भाजलेलं बदक पिंजत नाहीत, सुरीने शंभराच्या आसपास पातळ काप काढतात आणि प्रत्येक कापाला थोडी कातडी आली पाहिजे असा दंडक असतो. इंग्लंडमधल्या बदकाचं मूळ सिच्वान प्रांतात आहे. मसाल्यात मुरवून, वाफवून, मग तळायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर हाँगकाँगच्या ग्रामीण भागातून भातशेती सोडून माणसं ब्रिटनमध्ये आली आणि त्यांनी गावोगाव खाणावळी टाकल्या. 1960 च्या दशकापासून लंडनमध्ये उत्तर चीनच्या स्वयंपाकाचीही हॉटेलं निघाली. तिथे सिच्वानचं बदक, बीजिंगच्या पोळ्या आणि कँटनचा हॉयसिन सॉस एका ताटात आले. बीजिंगमध्ये बदकाबरोबर गव्हाच्या पिठाचा आंबवलेला गोड सॉस लागतो, हॉयसिन सोयाबीनचा. हॉयसिन म्हणजे 'समुद्रातलं', पण त्यात मासळी नसते. वेटर टेबलापाशी उभा राहून दोन काट्यांनी बदक पिंजतो, हे दृश्य चीनपेक्षा इंग्लंडचंच. सिल्हेटी मुसलमानांनी तिथे भारतीय म्हणून जे खाणं उभं केलं, त्याचीच ही चिनी आवृत्ती.

हे सगळं मी भाचीच्या सासऱ्यांना जेवणाआधी सांगायचा प्रयत्न केला. ते ऐकत होते. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, 'वहाँ मुसलमान अभी भी हैं?' आहेत, कोटीच्या वर आहेत. दुसरा, 'कैसे हैं?'

याचं उत्तर देताना मी अडखळलो. बीजिंगमध्ये बैलबाजाराच्या नावाचा एक रस्ता आहे, न्यूज्ये. तिथे हजार वर्षांची परंपरा सांगणारी मशीद आहे आणि आजूबाजूला हलाल खाण्याची दाटी. 2019 च्या जुलैमध्ये बातमी आली की बीजिंगमधल्या हलाल हॉटेलांना आणि दुकानांना पाट्यांवरची अरबी अक्षरं आणि इस्लामी चिन्हं काढायला सांगितलं गेलं. कुठे पाटी उतरवली, कुठे 'हलाल' या अरबी शब्दावर चिकटपट्टी मारली. 'छिंगजन' हा चिनी शब्द चालतो, अरबी अक्षर नको. या पाटीखाली मिळणारं खाणं आणि ती पाटी लिहिणारी माणसं त्या शहराइतकीच जुनी. शिनजियांगमध्ये वीगुरांचे जे हाल झाले त्यापुढे पाटीची गोष्ट किरकोळ आहे, हेही खरं. पण ज्यांनी शतकानुशतकं चिनी भाषेत नमाजाचा अर्थ सांगितला, त्यांनाही आपण इथलेच हे पुन्हा सिद्ध करायला लावलं जातं, एवढं मला त्या बातमीत दिसलं. 2023 च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशात हलाल प्रमाणपत्राच्या मालाच्या विक्रीवर बंदी आली तेव्हा मला न्यूज्येच्या त्या पट्ट्या आठवल्या होत्या. दोन्ही गोष्टी एक नव्हेत. आठवल्या, एवढंच.

हे मी सासऱ्यांना पूर्ण सांगितलं नाही. 'ठीक हैं,' असं काहीतरी म्हणालो.

स्वयंपाकाचं सांगायचं तर, भाचीने शुक्रवारी रात्री मीठ, भाजून कुटलेली सिच्वान मिरी आणि पाच मसाला बदकाला आतून-बाहेरून चोळला. पुस्तकी कृतीत तांदळाची दारू असते. तिने त्याऐवजी आल्याचा रस घेतला. शनिवारी मोठ्या पातेल्यात तिवई ठेवून अडीच तास वाफवलं. वाफवताना ताटलीत जी चरबी उतरते ती पाहून घाबरू नये, आणि ओतूनही देऊ नये. दुसऱ्या दिवशी तिच्यात बटाटे परतले तर खाणारा विचारतो यात काय घातलंय. मग बदक गार करून, पुसून, वाळवून कडक ओव्हनमध्ये घातलं. हॉटेलवाले तळतात, पण अख्खं बदक घरात तळणं म्हणजे आगीला आमंत्रण. पोळ्यांसाठी उकळत्या पाण्यात कणीक भिजवली, दोन छोट्या गोळ्यांमध्ये तिळाचं तेल लावून एकत्र लाटलं आणि तव्यावर फुगल्यावर दोन पदर सोलून वेगळे केले. मी म्हटलं, 'अगं, हे तर आपले मांडे करायचा प्रकार दिसतोय.' ती म्हणाली, 'मामू, मांडे खापरावर होतात.' बरोबर होतं तिचं.

जेवायला आम्ही चौघं बसलो. मुलांनी पहिल्या दहा मिनिटांत अर्धं बदक संपवलं. सासऱ्यांनी एक पोळी घेतली, तिच्यात काकडी आणि पातीचा कांदा ठेवला, सॉस पुसटसा लावला आणि बदकाविना गुंडाळी करून खाल्ली. कुणी आग्रह केला नाही. भाचीने त्यांच्यासाठी डाळ-भात वेगळा ठेवलाच होता.

बीजिंगच्या रिवाजात बदकाची हाडं वाया जात नाहीत, कोबी घालून त्यांचं सूप करतात आणि जेवणाच्या शेवटी देतात. भाचीने रविवारी सकाळी सांगाडा पातेल्यात टाकला, आलं, मिरी, उरलेली पात घातली आणि दोन तास मंद आचेवर ठेवला. घरभर वास. सासरे जोहरची नमाज पढून मशिदीतून आले, टोपी काढून खुंटीला लावली आणि विचारलं, 'क्या शोरबा है?' भाचीने माझ्याकडे पाहिलं. 'कल वाला,' ती म्हणाली. ते क्षणभर थांबले, मग खुर्ची ओढून बसले. दोन वाट्या प्यायले. दुसरी वाटी संपवताना माझ्याकडे वळून म्हणाले, 'वो दुकान का नाम क्या बताया था आपने, नानजिंग वाला?'

मी कागदावर लिहून दिलं, उर्दूत. हान फूशिंग.